भिंतीपलीकडचे नव्वद वॅट

शेवटी भिंतीला भोक पडलं. मध्यम बांध्याचा माणूस जरा अंग चोरून पलीकडे जाईल, एवढं. पण ते पडलंच नाही असं आपण सध्या धरून चालू. या गोष्टीतल्या संशोधकाच्या धंद्यात धरून चालायची रीतच आहे. विटा सगळ्या सारख्या आहेत असं धरतात, गिलाव्याला भेगा नाहीत असं धरतात, खोलीतली हवा जागची हलत नाही असं धरतात, आणि मग तीन पानांनंतर उत्तर येतं. तेव्हा भिंत अखंड आहे. सकाळचे साडेसहा वाजले आहेत. संशोधक स्टुलावर बसून, भिंतीला पाठ टेकून कॉफी पितो आहे.

थराथरांच्या भिंतीतून उष्णता कशी जाते याचं गणित मांडणं हे त्याचं काम. आधी गिलावा, मग वीट, मग हवेची पोकळी, मग पुन्हा वीट, मग पुन्हा गिलावा. प्रत्येक थर उष्णतेला आपापल्या परीनं अडवतो, आणि दोन थर जिथे एकमेकांना टेकतात तिथे तर ती फारच अडते, कारण टेकलेले दिसले तरी ते पूर्ण टेकलेले नसतात. हे सगळं नातेवाइकांना समजावणं कठीण असल्यामुळे त्याची आई थोडक्यात सांगत असे, "तो भिंतीत असतो."

तळघरातल्या त्या विभागात माणसं तीन. गणित मांडणारा हा, प्रत्यक्ष भिंती बांधून तापवणारी प्रयोगवाली, आणि दोन मजले वर बसून चिठ्ठ्या पाठवणारे विभागप्रमुख. एके दिवशी वरून चिठ्ठी आली : "गणिताचा पडताळा राहत्या घराच्या भिंतीवर घ्यावा." कोणाच्या राहत्या घराच्या, ते लिहिलं नव्हतं. प्रयोगवालीच्या घरात सासू, नवरा, दोन मुलं आणि एक मांजर होतं. यांपैकी कोणीही जागचं हलत नाही असं धरून चालता येत नव्हतं. संशोधकाच्या घरात संशोधक होता.

त्याच्या घरात मोकळी भिंत एकच होती, शेजारच्या घराला लागून असलेली. तिच्यावर त्यानं नाण्याएवढे सोळा सेन्सर चिकटवले. घरात माणूस वावरत असताना घेतलेली नोंद अशुद्ध, असा त्याचा कटाक्ष. म्हणून तो सकाळी पावणेआठला कॉफी संपवून स्टुलावरून उठायचा, यंत्र सुरू करायचा आणि कामावर जायचा. मग दिवसभर तळघरात बसून आपल्या घरची भिंत हळूहळू कशी गार होते ते पडद्यावर बघायचा. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याला दिवसा घराची आठवण येण्याचं कारण मिळालं होतं.

पण भिंत हवी तेवढी गार होईना. मधला एक पट्टा, साधारण उशीएवढा रुंद, दुपारपर्यंत ऊब धरून राहायचा. संशोधकानं आकडे तपासले. सेन्सर बदलले. विटेचा एक थर कागदावर जाड करून बघितला. वरून चिठ्ठी आली : "थर वाढवा." त्यानं वाढवले. भिंत कागदावर अडीच फूट जाड झाली तरी पट्टा उबदारच.

मग त्यानं उलट गणित केलं. सुलट गणितात चूल माहीत असते आणि भिंत किती तापेल ते काढायचं असतं. उलट गणितात झाकणाला हात लावून आत काय शिजतंय ते ओळखायचं असतं. त्यानं तीन दिवस हात लावला आणि उत्तर आलं. भिंतीच्या पलीकडे, बरोबर त्याच जागी, रोज सकाळी साडेसहा ते पावणेआठ, नव्वद वॅटची एक वस्तू टेकून ठेवलेली असते. आणि शांत बसलेला माणूस साधारण नव्वद वॅटच देतो.

"पलीकडे कोणीतरी बसतं," तो प्रयोगवालीला म्हणाला.

"कोण?"

"माहीत नाही. पण रोज बसतं. माझ्याच वेळेला."

"अरे, मग बेल वाजवून बघ ना."

"आणि काय सांगू? तुमची पाठ माझ्या ओळखीची आहे?"

ती वीट तापवायला निघून गेली.

त्या दिवसापासून संशोधकाची कॉफी बदलली. म्हणजे कॉफी तीच, पण आता ती दोघांची होती. तो स्टूल ओढताना पाय खरडणार नाहीत याची काळजी घेऊ लागला. पेपरातल्या बातम्या हलक्या आवाजात वाचू लागला, अपघात सोडून. एका सोमवारी, सहज बघावं म्हणून, तो वीस मिनिटं आधी येऊन बसला. दुपारी गणित केलं. पलीकडची व्यक्तीही त्या दिवशी वीस मिनिटं आधी येऊन बसली होती. ओढ दोन्हीकडून होती.

रविवारी तो नऊपर्यंत बसे, तीही नऊपर्यंत. 'ती' हे त्यानं ठरवलं होतं. त्याला पुरावा नव्हता, पण धरून चालायला हरकत नव्हती. एकदा त्याला ताप आला आणि तो बारापर्यंत भिंतीला टेकून कण्हत राहिला. संध्याकाळी आकडे बघितले तर पलीकडची व्यक्तीही बारापर्यंत बसलेली, आणि नेहमीपेक्षा चांगलीच गरम. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मोठ्या शहरात त्याच्याबरोबर आजारी पडणारं कोणीतरी होतं.

आईचा दर शनिवारी फोन यायचा.

"कोणी आहे का रे जवळपास? का आपला एकटाच?"

"आहे."

दुसऱ्या टोकाला काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "कोण आहे? कुठे असते?"

"नऊ इंचांवर."

"अरे देवा. काय करते?"

"बसते."

"आणि स्वभाव?"

"स्थिर. वेळेची पक्की. फार बोलत नाही."

"तुला आवडते?"

संशोधकानं विचार केला. "आकडे जुळतात," तो म्हणाला. त्याच्याकडून आईनं आजवर ऐकलेलं हे सर्वांत हळवं वाक्य होतं. तिनं त्याच संध्याकाळी मावशीला कळवलं आणि मावशीनं उरलेल्यांना.

गणिताचं म्हणाल तर ते एक शतांशापर्यंत जुळलं होतं. माणसांच्या बाबतीत सगळं इतकं जुळायला लागलं की शहाणा माणूस सावध होतो. गणितात त्याला यश म्हणतात. विभागप्रमुखांची चिठ्ठी आली : "छान." प्रयोगवालीनं मात्र ते आलेख दोनदा उलटसुलट करून बघितले.

"तू सकाळी बसतोस कुठे?" तिनं विचारलं.

"स्टुलावर."

"स्टूल कुठे असतं?"

"भिंतीशी. स्टुलाला पाठ नाही ना, मग भिंतच पाठ."

ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. एखादी वीट तडकणार आहे हे तिला आधी कळतं, तेव्हा ती अशी बघते. "स्टूल खिडकीशी ने," ती म्हणाली. "आठवडाभर. तुझ्या अंगाची ऊब मोजणीत शिरते."

"पण नोंद तर मी उठल्यावर सुरू होते."

"तरी ने."

त्याला पटलं नाही, पण लोभ सुटला. आपली ऊब मधून काढली तर तिची आणखी स्वच्छ दिसेल. मंगळवारी सकाळी त्यानं स्टूल खिडकीशी नेलं, भिंतीकडे बघून "मोजणीपुरतंच आहे" असं म्हणाला आणि कॉफी घेतली.

मंगळवारी दुपारी भिंत सगळीकडे सारखी गार होती.

पहिला निष्कर्ष : तिला राग आला. तो उठून दुसरीकडे बसला हे तिला जाणवलं असणार. नऊ इंच म्हणजे काही फार नाही. बुधवारी त्यानं खिडकीशी बसून पेपर जरा मोठ्यानं वाचला. बुधवारी दुपारी भिंत गार. गुरुवारी गार. दुसरा निष्कर्ष काढायला त्याचा हात धजेना, पण गणित कोणाच्या हाताची वाट बघत नाही. रोज न चुकता बसणारी व्यक्ती तीन दिवस बसत नाही. पलीकडे शून्य वॅट आहेत. जिवंत माणूस शून्य वॅट देत नाही.

शुक्रवारी तो दुपारी एकलाच घरी पळत आला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा शेजारच्या दाराची बेल दाबली. बेल वाजलीच नाही. दार पोलादी होतं. त्यानं ठोकलं, हाका मारल्या; पण नाव माहीत नसल्यामुळे "अहो" यापलीकडे जाता येईना. खाली इमारतीच्या व्यवस्थापिकाबाईंच्या खोलीला कुलूप होतं आणि त्यावर पाटी : 'बाहेर गेले आहे.' शेवटी त्यानं अग्निशमन दलाला फोन लावला.

"बोला, काय झालंय?"

"शेजारी थंड पडलंय कोणीतरी."

"तुम्ही हात लावून बघितलात?"

"मध्ये भिंत आहे."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"उलट गणितानं."

फोनवरचा माणूस कागद चाळू लागला. त्याच्या समोरच्या तक्त्यात हे बसत नसावं. "बरं, बाई की पुरुष?"

"बाई. असं धरून चाललोय."

"आकडा सांगा, अंदाजे किती?"

"नव्वद."

"नव्वद! आणि एकट्या राहतात?"

"हो."

"पडल्या असतील हो. हलू नका, आलोच." वॅट हा शब्द सांगायच्या आत फोन ठेवला गेला होता. सातव्या मिनिटाला खाली दोन गाड्या, एक शिडी आणि एक रुग्णवाहिका उभी होती.

दलप्रमुख पन्नाशीचे, भरघोस मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी पोलादी दारावर टकटक केलं आणि मान हलवली. "हे कापायला पाऊण तास जाईल. म्हातारं माणूस आहे, तेवढा वेळ नाही. तुमच्या बाजूनं जाऊ. भिंत कशाची आहे, माहीत आहे का कोणाला?"

संशोधक पुढे सरसावला. सबंध आयुष्यात हा प्रश्न त्याला कोणी आपणहून विचारला नव्हता.

"बारा मिलिमीटर गिलावा," तो म्हणाला. "मग पावणेचार इंची वीट, बरी भाजलेली, ओलावा दोन टक्के. मग पोकळी, अर्ध्या इंचाला जरा कमी. मग पुन्हा वीट, पण ती जरा वेगळ्या भट्टीची असावी, कारण ती उष्णता सात टक्के..."

"दादा," दलप्रमुख म्हणाले, "घण कुठे घालू?"

त्यानं खडूनं खूण केली. तिच्या जागेपासून हातभर डावीकडे. वीट ढासळली तर तिच्या अंगावर पडायला नको म्हणून. मग सेन्सर एकेक करून काढायला लागला, तेव्हा एका जवानानं त्याला दंडाला धरून बाजूला उभं केलं.

आपण भिंत अखंड आहे असं धरून चाललो होतो. आता ते जमणार नाही. दहाव्या घावाला बोटभर, विसाव्या घावाला टोपीएवढं, आणि चाळिसाव्याला मघाशी सांगितलं तेवढं भोक पडलं. जवान सगळे रुंद खांद्यांचे होते. "मी जातो," संशोधक म्हणाला, आणि कोणी काही म्हणायच्या आत डोकं खाली घालून पलीकडे गेलासुद्धा.

पलीकडे खोली होती. पलंग नव्हता, खुर्ची नव्हती, पडदा नव्हता. जमिनीवर धूळ होती, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकसारखी, आणि तिच्यावर पावलं फक्त त्याचीच. तो स्वयंपाकघरात गेला, न्हाणीघरात गेला, एका रिकाम्या फडताळाचं दारही उघडून बघितलं. मग भिंतीशी आला. जिथे ती बसायची तिथे गुडघ्यांवर बसून त्यानं तळहात टेकवला. गार होती.

"सापडल्या का?" भोकातून दलप्रमुखांचा आवाज आला.

"नाहीत."

"म्हणजे बाहेर गेल्यात?"

एवढ्यात जिन्यातून व्यवस्थापिकाबाई पिशव्यांसकट धापा टाकत आल्या. "अहो, हे काय चालवलंय? ते घर दोन वर्षांपासून रिकामं आहे! खाली फळ्यावर लिहिलंय एवढं ठळक! वाचत नाही का कोणी?"

संशोधकानं फळा कधी वाचला नव्हता. त्याच्या मते त्यात उष्णतेसंबंधी काही नसे.

त्यानं तिथेच, रिकाम्या खोलीत उभ्या उभ्या, प्रयोगवालीला फोन केला. बाकीचे भोकाच्या दुसऱ्या बाजूला शांत झाले. लोकांचे फोन ऐकताना माणसं होतात तेवढे.

"इथे कोणी नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हतं. पण आकडे जुळले होते गं. शतांशापर्यंत."

"हं."

"मग नव्वद वॅट आले कुठून?"

"तू पावणेआठला उठायचास, यंत्र सुरू करायचास. आणि गणिताच्या पहिल्या ओळीत काय लिहायचास?"

"प्रारंभी भिंत सर्वत्र सारखी गार आहे असे धरू. सगळे तेच लिहितात."

"ती गार नव्हती रे," ती म्हणाली. "तू नुकताच उठला होतास."

वीस मिनिटं आधी बसणारी, रविवारी नऊपर्यंत थांबणारी, त्याच्याच तापानं फणफणलेली ती पाठ कोणाची होती, हे काढायला आता तीन पानं लागणार नव्हती.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"दाट शंका होती. म्हणून तर स्टूल हलवायला सांगितलं."

"सरळ सांगायचं ना मग."

"कसं सांगणार? चार महिने तू आल्या आल्या 'गुड मॉर्निंग' म्हणत होतास. आधी पाच वर्षं नुसता कोट टांगायचास. म्हटलं, स्टूल हलवलं की आपोआप कळेल. तू डायरेक्ट भिंत फोडशील असं नव्हतं वाटलं."

तो भोकातून परत आला तेव्हा दलप्रमुख स्टुलावर बसून फॉर्म भरत होते. सगळं भरून झालं होतं, एक रकाना सोडून.

"'सुटका केलेल्या व्यक्तींची संख्या,'" त्यांनी वाचलं. "इथे शून्य लिहिलं तर खोटी वर्दी होते. मग चौकशी, जबाब, तुम्हालाही ताप, आम्हालाही." त्यांनी खोली बघितली. एक पलंग. एक कप. सोळा सेन्सरांच्या लोंबणाऱ्या तारा. "राहता एकटेच?"

"चार महिने नव्हतो," संशोधक म्हणाला. "आता आहे."

दलप्रमुखांनी मिशीवरून हात फिरवला, रकान्यात 'एक' लिहिलं आणि पुढे त्याचंच नाव घातलं. "तुम्ही इकडून आत गेलात आणि जिवंत बाहेर आलात, आम्ही सगळ्यांनी बघितलंय," ते म्हणाले. "सही करा."

त्यानं सही केली. जाताना एका जवानानं त्याच्या खांद्यावर पांघरूण टाकलं. नियमच होता तसा. सुटका झालेल्या माणसाला पांघरूण द्यायचं.

शनिवारी आईचा फोन आला. मागून मावशीचाही श्वास ऐकू येत होता. त्यानं सगळं सांगितलं, थरांसकट, पहिल्या ओळीसकट.

"म्हणजे तो तूच होतास?"

"हो."

"बरं, असू दे," आई म्हणाली. "स्वभाव तरी जुळला होता." आणि मग घसा साफ करून, "पुढच्या आठवड्यात येऊ का मी?"

"नको. इथे वारा फार येतो आता."

सोमवारी व्यवस्थापिकाबाईंनी दाराखालून छापील अर्ज सरकवला. संशोधकानं तो टेबलावर घेतला आणि सुवाच्य अक्षरात भरला.

*प्रति,*
*माननीय व्यवस्थापिका, इमारत दुरुस्ती विभाग.*

*विषय : सामाईक भिंत पूर्ववत करून मिळणेबाबत.*

*महोदया,*

*उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, सदर भिंत दोन्ही बाजूंनी विटांनी बांधून, मधली पोकळी आहे तेवढीच ठेवून, पूर्ववत करण्यात यावी. अर्जदाराच्या बाजूचा गिलावा अर्जदार स्वतः करील. पलीकडच्या बाजूचा गिलावा आपल्याकडील गवंड्याने करावा. गिलावा पूर्ण सुकल्यानंतर सदर गवंड्याने, अथवा त्यास वेळ नसल्यास आपण नेमाल त्या अन्य कोणाही इसमाने, कोणत्याही एका सकाळी भिंतीस पाठ टेकून किमान सव्वा तास बसावे, ही नम्र विनंती. बोलण्याची आवश्यकता नाही.*

*सदर बाब पूर्ण झाल्याचे अर्जदारास स्वतंत्रपणे कळविण्याची तसदी घेऊ नये. इकडून कळेल.*